सीमेवर अडकलेली संत्री

बागेतलं फळ झाडावर असतानाच परतवाड्याच्या व्यापाऱ्याला देऊन मोकळं व्हायचं, ही आमच्या घरची रीत. त्या वर्षी मी हट्टाला पेटलो. आपली संत्री आपणच बांगलादेशला पाठवू म्हणालो. बाबा कसेबसे कबूल झाले, पण तोडीच्या वेळी अडून बसले. व्यापारी हिरवट फळ तोडतात, वाटेत रंग धरतं म्हणून. बाबांना ते पटेना.

"परमुलखात पयल्यांदा जाऊन राह्यलं आपलं फळ. पावन्याच्या घरी कोनी कच्चं नेते काय?"

झालं. पूर्ण पिकलेली संत्री ट्रकमध्ये भरली आणि मी ड्रायव्हरशेजारी बसलो. नाही म्हणायला हवं होतं.

सीमा तीन-चार किलोमीटरवर असताना ट्रक थांबला, तो थांबलाच. पलीकडच्या आवारात माल उतरून जागा झाली की इकडचे मोजके ट्रक सोडायचे. पुढे दगडांचे ट्रक, मागे सुताचे. त्यांना कसली घाई? दगड थोडेच सडणार होते! परत फिरावं तर वळायलाही जागा नव्हती.

"भाऊ, इथं आठ दिवसबी लागतात," आमचा अकोल्याचा ड्रायव्हर म्हणाला आणि ट्रकखाली चटई टाकून झोपला. मला त्याचा भयंकर राग आला. देशभर रुंद रस्ते करायचे आणि शेवटी हे एवढंसं फाटक, कुठल्या शहाण्याचं हे डोकं?

तिसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. "पोचलं का रे?"

"पोचलं."

का म्हणालो कोण जाणे. उद्या नंबर लागेल, मग ते खरंच होईल, असं वाटलं.

"लोकायले आवडलं?"

"लय आवडलं, बाबा."

सहाव्या दिवशी ताडपत्री उचलली तर आंबूस वास अंगावर आला. खालचे क्रेट पाझरत होते. ड्रायव्हर आणि मी सडकी फळं नालीत टाकत राहिलो. मला रडू येत होतं. शेवटी हात पुसले आणि खरं सांगायचंच म्हणून घरी फोन लावला.

मी बोलायच्या आत बाबाच बोलू लागले. त्यांचा इतका खूश आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"तुह्या भरवशावर राह्यलेली सारी बाग तोडली. व्यापारी आला होता, त्याले वापस पाठोलं. आपल्या दुसऱ्या ट्रकनं नागपूर सोडलं पाह्य. तू तिथंच थांब."