मावशींचं ‘जर्मनवालं’

तुमसरला आमच्या समोरच्या घरात एक मावशी राहत. रविवारी दुपारी त्या सुपात तांदूळ घेऊन आमच्याकडे निवडायला येत आणि टेकल्या टेकल्या म्हणत, "बापू, टीव्हीवर लाव ना ते जर्मनवालं."

जर्मनवालं म्हणजे महायुद्धातल्या पाणबुड्यांचे नेटवरचे माहितीपट. मावशी आईच्या पोटात असताना त्यांचे वडील फौजेत स्वयंपाकी म्हणून निघाले होते. त्यांचं जहाज जर्मन पाणबुडीने बुडवलं आणि ते परत आलेच नाहीत. म्हणून पडद्यावर एखाद्या पाणबुडीवर बॉम्ब पडला की मावशी सूप झटकून म्हणत, "बरं झालं." तांदळातला किडाही अंगणात नेऊन सोडणाऱ्या बाईच्या तोंडून ते ऐकताना मला कसंसंच होई.

एकदा वेगळाच माहितीपट लागला. फुटलेली पाणबुडी वर आली, आतल्या खलाशांनी समुद्रात उड्या टाकल्या आणि ते शत्रूच्या जहाजाकडे बघून हात हलवू लागले. मावशींचं निवडणं थांबलं.

"हे तं पोट्टे दिसून राहिले," त्या म्हणाल्या.

जहाजाने दोर टाकून काही जणांना वर ओढलं आणि बाकीच्यांना तिथंच सोडून ते निघालं.

"काहून चालले? अजून हायेत ना पाण्यात!" मावशी टीव्हीवर ओरडल्या.

"जवळ दुसरी पाणबुडी असेल, अशी भीती वाटली त्यांना," मी सांगितलं.

"मंग माह्या बापालेही कोनी असंच सोडून गेलं असन," मावशी म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून पहिल्यांदाच माझ्यासमोर रडल्या.