आजची बाकी

सकाळी तुम्ही जे चांगलं वाचता, त्याचं संध्याकाळपर्यंत काय होतं?

हा प्रश्न माझा नाही. वालचंदनगरला आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या फिटरमामांचा आहे. हातात पुस्तक, वर्तमानपत्र किंवा पत्रक घेऊन कोणी दिसलं की ते चष्मा कपाळावर सारून विचारायचे, "वाचलंस ते बरं केलंस. पर केलंस काय?"

कारखान्यात पाळी संपताना लॉगबुक लिहितात. काय झालं, काय बाकी राहिलं. बाकी पुढच्या पाळीनं उचलायची. मामा ख्रिस्ती. बायबल वाचून ते एका वहीत लिहीत, तिलाही त्यांनी हीच शिस्त लावली होती. कामावर जाण्याआधी एक उतारा वाचायचा आणि त्यानं आज आपल्याला काय करायला सांगितलं ते एका ओळीत लिहायचं. परत आल्यावर, हाताचं ग्रीस धुऊन, त्या ओळीपुढे एकच शब्द. ‘झालं’ किंवा ‘बाकी’. बाकी असेल ते दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळ्यात वर.

चर्चमधली मंडळी आत्मिक वाढीबद्दल बोलू लागली की मामा म्हणायचे, "बाकी कमी झाली का? झाली आसंल तर वाढ."

वही टेबलावर उघडीच असायची. एकदा आईनं त्यात वाचलं, ‘शेजाऱ्यांवरचा राग सोडणे – झालं.’

"मामा, हे शेजारी म्हणजे आम्हीच की!"

"तुमी न्हाय ताई. तुमच्या कोंबड्या."

आमचं घर बौद्ध. मी चळवळीची पत्रकं वाचत, वाटत आणि पुढे लिहीत वाढलो. देवाचा विषय निघाला की माझी जीभ सुटायची. "मामा, तुमचा देव रोज हजेरी घेतो का?"

"त्याला कुठं येळ? माजी मीच घेतो, पुढारी."

पण वहीच्या डोक्यावर एक ओळ कायम असे. ‘भावाकडे जाणे – बाकी.’

भाऊ गावाकडे, कऱ्हाटीला. त्या दोघांची आई वारली तेव्हा, मामांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून या थोरल्या भावानं त्यांना तिरडीला खांदा देऊ दिला नाही. मामा सगळ्या गावादेखत ओरडले, "आजपासनं तू माजा भाऊ न्हाय." तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. पुढे कधीतरी त्यांच्या वाचनात तो उतारा आला. देवापुढे ठेवायचं ते राहू दे, आधी दुखावलेल्या भावाकडे जा, अशा अर्थाचा.

मी चिडलो. "अन्याय त्यांनी केला. तुम्ही का जायचं?"

"त्याच्या मनात माज्याबद्दल काय हाय का, एवढंच बायबलात इचारलंय. चूक कुणाची ते इचारलेलं न्हाय."

एका रविवारी ते मला सोबत घेऊन निघाले. बारामतीला एसटी बदलली. भाऊ ओट्यावर बसले होते.

"कोन हाय?"

"मी हाय, तात्या."

तात्या उठले. आत पाहून म्हणाले, "पानी पाजा आन् लावा वाटंला." आणि मागच्या दारानं शेताकडे निघून गेले. वहिनींनी दिलेलं पाणी मामा प्याले. तांब्या पालथा ठेवून त्यांनी वहिनींना हात जोडले. घरी येऊन त्यांनी लिहिलं, ‘गेलो. बाकी.’

"लिहा ना, त्यांनी तोंड फिरवलं म्हणून!"

"ही माजी वही हाय. त्याची त्यानं लिवावी."

मामा जात राहिले. एकदा परतले ते माझ्या नावानं हाका मारतच. "पुढारी, आज ‘बस’ म्हनला! पुढच्या खेपंला मीच येतो, म्हनला!"

"मग आता तरी ‘झालं’ लिहा."

"हितं येऊन च्या पिऊ दे की. मग लिवतो."

त्यानंतर थोड्याच दिवसांत कामावरच मामांची छाती दुखली आणि ते गेले. आम्ही एसटीडी बूथवरून कऱ्हाटीत फोन असलेल्या एका घरी निरोप ठेवला होता. तो पोचलाच नाही. पुण्याहून मुलगी आली, दफनविधी झाला. बायबल आणि वह्या घेऊन तिनं क्वार्टरला कुलूप लावलं.

पुढच्या आठवड्यात तात्या आले. नवं धोतर, हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी. आईनं आधी पाणी दिलं आणि मग सांगितलं. तांब्या त्यांच्या हातात तसाच राहिला.

तांब्या खाली ठेवून त्यांनी मला विचारलं, "रोज लिवायचा म्हनं. माज्याबद्दल लई वाईट लिवलं आसंल?"

"नाही, तात्या. तुमच्या वागण्याबद्दल एक अक्षरसुद्धा नाही."

ते उठले. पिशवी कुलपाखाली, उंबऱ्याला टेकवून ठेवली आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागले.

मी अजूनही पत्रकं लिहितो. आम्ही ती वाटतो, लोक वाचतात, माना डोलावतात आणि घडी घालून खिशात ठेवतात. हेही तुम्ही तसंच ठेवाल, याची मला भीती वाटते.

म्हणून एकच मागतो. हे वाचताना तुमच्या मनात एक नाव आलं असेल. चूक कुणाची, हे आज विचारू नका. चप्पल घाला आणि त्या दारात जाऊन या. नुसतं पाणी मिळालं, तर पाणी पिऊन या. त्या दाराला कुलूप नाही, तोवर.