पांढऱ्या खुणेवर मायला ऐकू आलेली झडती

भूतखेत, करणी, अंगात येणं... या गोष्टींवर मी आयुष्यभर वर्गात पोरांना हसवलं आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी., फिजिक्स घेऊन. वडील अंगठा लावायचे आणि मला त्याचा कमीपणा वाटत नाही. पण ज्याचं कारण सांगता येत नाही ते घडलंच नाही, असं मी मानायचो. हे लिहितोय ते त्या मानण्याला तडा गेला म्हणून.

एकोणीसशे नव्वदच्या आगेमागे मी आदिलाबाद जिल्ह्यातल्या इचोड्याला हायस्कूलमध्ये सायन्स शिकवत होतो. सेकंडहँड फियाट घेतली होती. तिच्या डॅशबोर्डखाली मी स्वतः इक्वलायझर बसवला — आवाज जाड-बारीक करायला सात सरकत्या दांड्यांचा, आवाजाबरोबर लाल दिवे वरखाली पळणारा. एकच सेटिंग सगळ्याला चालत नाही, हे मी दोन महिने कान लावून शोधलं. रेडिओला खरखर फार, म्हणून उजवीकडच्या दांड्या खाली. दुकानात भरलेल्या कॅसेटला त्याच वर. सुनंदाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, नेलपॉलिशने मी खुणा केल्या. रेडिओला लाल, कॅसेटला गुलाबी.

आणि एक तिसरी, पांढरी खूण. ती बाबांच्या आवाजाची.

पोळ्याला आमच्या नार्नूरकडच्या गावात बैल तोरणाखाली उभे राहिले की झडत्या होतात. यमक जुळवून एकमेकांना काढलेले चिमटे, आणि प्रत्येकीच्या शेवटी सगळ्यांचं ‘महादेव!’ बाबा त्यात पटाईत. कॉलेजला गेल्यापासून मला त्या तोरणाखाली उभं राहायची लाज वाटायची, पण एका वर्षी टेपरेकॉर्डर घेऊन गेलो आणि भरून आणल्या. पुढच्या पोळ्याला बाबा नव्हते. घरगुती रेकॉर्डिंग, आवाज दबलेला. मधल्या तीन दांड्या वर आणि बाकीच्या पार खाली केल्या की बाबा समोर बसून बोलल्यासारखे वाटायचे. मग माय माझ्याकडे राहायला आली. गाडीत बसली की पहिलं वाक्य ठरलेलं, “बापू, त्याइले लाव.”

मायला वाचता येत नाही. तिने त्या कॅसेटच्या डबीला कुंकू लावून ठेवलं होतं. मी कॅसेटवर काहीच लिहिलं नव्हतं. मला कशाला लिहावं लागतं, मी आवाजावरून ओळखतो, ही माझी ऐट. एका रविवारी सगळ्या कॅसेटा बाहेर काढून साफ केल्या आणि परत ठेवताना डब्या बदलल्या. मेव्हण्याच्या लग्नाची गाणी भरायला इचोड्यातल्या दुकानात मी जी कोरी समजून दिली, ती बाबांची निघाली.

दोन्ही बाजू गाण्यांनी भरून आल्या, बाबा पुसले गेले. हे मी कोणालाच सांगितलं नाही. सुनंदालाही नाही. मायला म्हणायचो, “हेड घाण झालं,” “पट्टी अडकली,” “डबी घरीच राहिली.” दीड महिना.

त्यातच तिचा मोतीबिंदू पिकला. दोन्ही डोळ्यांपुढे नुसतं दूध. आदिलाबादच्या डॉक्टरांनी तारीख दिली आणि सांगितलं की आता चुकवाल तर डोळा हातचा जाईल. माय अडून बसली.

“त्याइचा आवाज आयकल्याबिगर मी डोयाले हात लावू देनार नाई.”

सुनंदा सासूला म्हणाली, “मामी, त्याइले गाडीत आयका ना जाता जाता.”

सकाळी दहाला निघालो. माय पुढे, माझ्या बाजूला. सुनंदा घरीच थांबली होती. मी ठरवलं होतं, रेडिओ लावायचा आणि वाटेत गुडीहत्नूर आलं की खरं सांगून टाकायचं. दांड्या लाल खुणांवर आणल्या, रेडिओ लावला. आदिलाबाद स्टेशनवर तेलुगूत शेतीचा कार्यक्रम चालू होता. कोणी साहेब कापसावरच्या अळीबद्दल सांगत होते.

माय हसली.

“काय झालं?”

“पाटलाच्या बैलाले कसं धरलं पाहाय ना! मेल्याच्या शिंगाले बेगड, पोटाले कडबा नाई...”

ती कॅसेटवरची दुसरी झडती होती. मला वाटलं, आठवणीतून बोलते आहे. पण ती थांबत होती, ऐकत होती, मग हसत होती. नेमक्या वेळाने तिने हळूच ‘महादेव’ म्हटलं. सेटिंग जमवताना ती कॅसेट मी शंभरदा ऐकलेली... कुठे किती वेळ लागतो ते मला पाठ होतं. तिला अगदी तेवढाच वेळ लागला.

मी खाली पाहिलं. दांड्या पांढऱ्या खुणांवर होत्या.

मी हात लावला नव्हता. खड्ड्याने हलल्या म्हणाल, तर सातही दांड्या नेमक्या खुणेवर कशा बसतील? मी त्या लाल खुणांवर ढकलल्या. साहेबांचा आवाज तसाच, थोडा जाड झाला एवढंच.

“बंद काऊन केलं?” माय म्हणाली.

परत पांढऱ्यावर.

“हां. आता लागलं.”

तीनदा करून पाहिलं. तिला माझा हात दिसत नव्हता, तिला माझं तोंडही दिसत नव्हतं. तिन्ही वेळा तिने बरोबर सांगितलं. आणि मधे बंद ठेवलेला वेळ धरला, तरी पुढचं ‘महादेव’ जागच्या जागी आलं. जणू झडती पलीकडे चालूच होती. मला मात्र पहिल्यापासून शेवटपर्यंत अळीच ऐकू येत होती. मी गाडी पार हळू केली होती, मागून ट्रकवाला हॉर्न मारत राहिला.

आदिलाबादच्या अलीकडे मायचं हसणं थांबलं. मान थोडी तिरपी करून बराच वेळ ऐकत राहिली. मग पदर सावरून म्हणाली, “बरं.”

“काय बरं, माय?”

“थे म्हनते, पोरावर रागावू नोको. पुसली त पुसली. डोये करून घे.”

मी गाडी कडेला घेतली. उतरलो आणि दार धरून उभा राहिलो. माय आतून म्हणाली, “उशीर होऊन राह्यला ना, बापू.”

ऑपरेशन नीट झालं. सगळी तपासणी मी नंतर केली. पुसलेल्या पट्टीवर जुना आवाज पुसट राहतो, हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी कॅसेट घरी कपाटात होती आणि चालू होता रेडिओ. कॅसेट पुसल्याचं दुकानदाराने तिला सांगितलं म्हणावं, तर त्याला मायचं नावही ठाऊक नव्हतं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या दोघांना दाखवलं, इक्वलायझरमध्ये दोष नाही. पुढे मी एकटा बसून पांढऱ्या खुणेवर कितीदा रेडिओ लावला... काही नाही.

डोळ्यावरची पट्टी सुटल्यावर मी तिला सगळं खरं सांगितलं. ती म्हणाली, “मले मालूम हाय ना.” तिने ती कॅसेट पुन्हा कधी मागितली नाही.

मग मी विचारलं, “माय, शेवटी ते बराच वेळ बोलत होते. अजून काय म्हणाले?”

तिने नव्या डोळ्याने माझ्याकडे नीट पाहिलं. चेष्टा करतो आहे की काय, असं.

“मले काऊन विचारतं? तुयाशीच त बोलून राह्यले होते.”