ताईचा डबा आणि भावजींची दाढी

ऐकीव गोष्टीवर ताईचा कधीच विश्वास बसला नाही. लहानपणी कुणी म्हणालं, दुकान बंद आहे, की ही चपला घालून निघायचीच, आणि दुकान खरंच बंद दिसलं की समाधानानं परत यायची. पुढे रसायनशास्त्राची पदवी घेतली, प्रयोगशाळेत नोकरी धरली आणि वर्षभरात सोडली, कारण तपासणी करणार दुसरे आणि सही करणार ही. मग तिनं सलून काढलं. केसांचा रंग स्वतः कालवायचा, आधी आपल्या मनगटावर लावून बघायचा, मग गिऱ्हाइकाच्या डोक्याला. लग्नाबद्दल तिच्याकडे ऐकीव माहिती पुष्कळ होती, तेवढी एक मात्र तपासून बघायची गरज तिला वाटली नाही.

अशा बाईला ते संगणकावरचं नाणं भेटलं, तेव्हा ती त्याच्या चढत्या भावावर भाळली नाही, वहीवर भाळली. या नाण्याला ना बँक, ना साहेब. एकच हिशेबाची वही, आणि तिची प्रत जगभर हजारो घरांत. कुणी कुणाला किती दिलं ते प्रत्येक घरातला संगणक स्वतः पडताळतो आणि पटलं तर शेजारच्याला कळवतो. अशा संगणकाला नोड म्हणतात. ताईचा नोड म्हणजे एक जुनं, बुटकं यंत्र. टॉवेलांची चळत आणि रंगाच्या नळ्या यांच्यामध्ये फळीवर ते कुरकुरत बसलेलं असे. ती त्याला डबा म्हणायची. कुणाच्या शब्दावर विसंबायला नको, एवढ्यासाठी तिला तो जिवापाड प्रिय होता.

सलूनच्या सुट्टीच्या दिवशी आसपासची नोडवाली मंडळी तिथेच जमायची. दातांची डॉक्टरीण, बसचा ड्रायव्हर, आणखी दोघंचौघं, आणि ताईच्या धाकट्या बहिणीचा नवरा, म्हणजे भावजी. ते कॉलेजात गणित शिकवत. त्यांची दाढी छातीपर्यंत होती आणि बोलताना ते ती कुरवाळत, जणू उत्तर तिथेच कुठेतरी अडकलंय. खुर्च्या कमी पडत म्हणून ड्रायव्हर केस वाळवायच्या टोपाखाली बसायचा. तिथे त्याला कमी ऐकू यायचं, पण बोलल्यावाचून तो राहायचा नाही.

भांडण निघालं ते चित्रांवरून. काही शहाण्यांनी त्या हिशेबाच्या वहीत चित्रं घुसडायला सुरुवात केली. व्यवहार नखाएवढा, आणि त्याच्या शेपटीला बांधलेलं माकडाचं चित्र, कसली जाहिरात, कुणाचे विनोद. असे व्यवहार लोंढ्यानं येऊ लागले. वहीत नवं पान जोडण्याचं काम संगणकांचे मोठमोठे कारखाने करतात, त्याची फी घेतात. पान जोडलं जाईपर्यंत सगळे व्यवहार प्रत्येक नोडच्या दाराशी रांगेत उभे राहतात. त्या रांगेनं डब्याचा जीव जायची वेळ आली. तो तापायचा, अडखळायचा, बंद पडायचा.

ताई म्हणाली, फिल्टर लावते. चित्रवाल्याला माझ्या रांगेत उभं करणार नाही आणि पुढेही पाठवणार नाही.

भावजींनी दाढी कुरवाळली. "ताई, फी भरली की व्यवहार तो व्यवहार. बरा कुठला, वाईट कुठला, हे ठरवणाऱ्या तुम्ही कोण? आज चित्र अडवाल, उद्या माणूस अडवाल. बँकेला शिव्या घालत इकडे आलो ना आपण?"

मुद्दा बिनतोड होता, आणि त्यांच्याकडे दुसराही होता. "शिवाय उपयोग शून्य. चित्रवाले सरळ कारखान्याच्या दारात नेऊन देतात. तुमच्या दारावरून जातंय कोण?"

इथवर ठीक होतं. पण मग त्यांनी पिशवीतून नोडच्या सेटिंगची एक तयार मांडणी काढली. मंडळातल्या सगळ्यांच्या नोडवर एकच आणि सारखी, फिल्टरचं बटणच नसलेली. सारखं असलं की दुरुस्ती सोपी. पुढच्या बैठकीत हात वर करून ठरवू, म्हणाले.

"यानं माझा डबा मरेल," ताई म्हणाली.

"म्हातारा झालाय तो. काढून ठेवा. माझं मशीन मोठं आहे, त्याला विचारत जा."

"म्हणजे तुम्ही सांगाल ते मी खरं मानायचं."

"माझ्यावर विश्वास नाही तुमचा?"

"आहे की. पण तुमच्या या दाढीखाली हनुवटी आहे, हेसुद्धा मी ऐकूनच आहे."

"मीही," धाकटी म्हणाली. ती सोबतीला आली होती आणि विणकामात डोकं घालून बसली होती.

हशा पिकला आणि हशातूनच पैज निघाली. पुढच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, डबा जगाबरोबर त्याच पानावर असला पाहिजे. मागे पडला तर ताईनं त्याची वायर स्वतःच्या हातानं काढायची. टिकला तर ज्यानं त्यानं आपल्या नोडवर हवं ते लावावं, आणि भावजींची दाढी ताईच्या कात्रीखाली.

मंडळी पांगली तोवर ताई इरेला पेटली होती. आणि इरेला पेटलेलं माणूस करतं तेच तिनं केलं: गरजेपेक्षा जास्त. दाराशी अडवायचं सोडून तिनं डब्याला सांगून टाकलं की ज्या पानात असली चित्रं असतील ते पानच नाकार. डबा एकदम थंड झाला. कुरकुर नाही, ताप नाही. ती दोन दिवस गिऱ्हाइकांना तो दाखवत मिरवली, पाळण्यातलं पोर दाखवावं तशी.

मग डॉक्टरीण केस कापायला आली आणि जाताना तिनं नाण्यात पैसे दिले. डब्यात काही उमटेना.

"पाठवलंस ना नक्की?"

"ताई, कधीच पोचलंय ते. हे बघ माझ्याकडे." डॉक्टरिणीनं वाकून डब्याचा पडदा पाहिला. "अगं, हा जुन्याच पानावर बसलाय. जग कुठल्या कुठे गेलं."

एक चित्रवालं पान आलं, डब्यानं ते नाकारलं, आणि त्याच्यावर रचलेलं पुढचं काहीच त्याला दिसेना. रुसून खोलीचं दार लावून बसावं आणि म्हणावं, घर किती शांत आहे, तशातली गत.

लपवणं तिच्या रक्तात नव्हतं. तिनं स्वतःच भावजींना फोन लावला आणि काय झालं ते सांगितलं. पलीकडून बराच वेळ हसू आलं. "म्हणजे सगळं जग चुकलं आणि ताईंचा डबा तेवढा बरोबर."

"चूक डब्याची नाही, माझी आहे. आणि बैठक अजून व्हायची आहे," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

फोन ठेवला खरा, पण भावजींचं ते वाक्य काट्यासारखं रुतलं. ती झाडू घेऊन खाली पडलेले केस गोळा करू लागली. हात चालू असले की तिचं डोकं चालतं. नको ते गिऱ्हाईक आपण दारात अडवू शकतो. पण एकदा कापलेला केस कापलेलाच, तो पटला नाही म्हणून डोक्याला परत चिकटत नाही. वहीत चढलेलं पान म्हणजे कापलेला केस. ते मान्य करायचं, नीट निरखायचं, आणि निरखून झालं की भरायचं सुपड्यात. फरशीवर साठवून कुणी ठेवतं का?

तिनं सगळी मांडणी उकलली आणि पुन्हा बसवली. फिल्टर फक्त दाराशी, रांगेपुरता. पान कुठलंही येवो, आत घ्यायचं आणि अक्षर न् अक्षर पडताळायचं. पडताळलेली जुनी पानं टाकून द्यायची, ताजी तेवढी जवळ ठेवायची. नोडला हे जमतं, फक्त तसं सांगावं लागतं. रांग आटली, पोट हलकं झालं, आणि डबा चुकलेली पानं गिळत धापा टाकत जगामागे धावू लागला. ताई गिऱ्हाइकांचे केस कापता कापता आरशातून त्याच्यावर नजर ठेवून होती. दोघींच्या बटा थोड्या आखूड झाल्या. त्यांनी तक्रार केली नाही.

बैठकीच्या दिवशी चित्रवाल्यांना नेमका ऊत आला होता. मंडळी जमली तेव्हा डबा अजून थोडा मागेच होता. भावजी घड्याळाकडे बघत नव्हते, एवढा मोठेपणा त्यांच्यात होता. ड्रायव्हर टोपाखालून विचारत राहिला, "पोचला का?" शेवटी पडद्यावरचा आकडा आणि भावजींच्या फोनवरचा आकडा एक झाला.

"एकदा जुळला म्हणजे झालं असं नाही," भावजी म्हणाले. "पुढचं पान येऊ दे."

"येऊ दे," ताई म्हणाली आणि कात्री पुसायला घेतली.

भावजींचा फोन वाजला. पान आलं होतं, चित्रांनी ठासून भरलेलं. सगळ्यांच्या माना फळीकडे वळल्या. डब्याचा पंखा चढला, घरघरला, धाकटीची सुई थांबली. आणि आकडा एकानं पुढे सरकला. डॉक्टरिणीनं टाळी वाजवली.

"मान्य," भावजी म्हणाले. "पण चित्रं पानात चढलीच की, ताई. तुमच्या फिल्टरनं अडवलं काय?"

"जगाचं काही अडवलं नाही. जे चढलं ते मी स्वतः पडताळलं. माझ्या हातून पुढे गेलं नाही, एवढंच. मी माझा उंबरठा झाडते, गाव झाडायला निघालेले नाही." ती त्यांच्यासमोर उभी राहिली. "आणि तुमचा तो प्रश्न. दुसऱ्याचं ठरवणारे आपण कोण? मला तो फार आवडला. मग माझ्या डब्यावर काय असावं हे ठरवणारे तुम्ही कोण, भावजी?"

भावजींचा हात दाढीकडे गेला. बोटं तिथे वरून खाली शोधत राहिली.

"मास्तरांना गणित सुटेना," टोपाखालून आवाज आला.

भावजी आधी ओठातल्या ओठात हसले, मग मोकळं हसले, आणि सगळ्यात पहिला हात त्यांनीच वर केला. ज्याचा नोड त्याची मर्जी. ठराव एकमतानं झाला. पिशवीतली मांडणी पिशवीतच गेली. आणि ते न सांगता मधल्या खुर्चीत जाऊन बसले, डोळे मिटून, दातांच्या दवाखान्यात बसावं तसे.

ताईनं त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं आणि कात्री हवेत एकदा चालवून पाहिली. मग ती थांबली. "किती ठेवायची ते तुम्हीच सांगा. दाढी तुमची आहे."

भावजींनी एक डोळा उघडला. त्यांचा चेहरा उजळला. "मग ताई, टोकं तेवढी जरा—"

"तोंड माझ्यासमोर असतं रोज," धाकटी विणकाम बाजूला ठेवत म्हणाली. "मुळापासून काढ, ताई. इतकी वर्षं मीही ऐकीव गोष्टीवरच संसार केलाय."

ताईनं वरच्या फळीकडे पाहिलं. डबा नव्या पानावर होता. तिनं कात्री चालवली.