सोळा पानं गुरांची

रावेतचे दौलतराव भोंडवे वर्षाचे अकरा महिने चिंचवड स्टेशनच्या मालधक्क्यावर कारकून असत आणि बाराव्या महिन्यात लेखक. तसे ते लिहीत वर्षभर. पावत्यांच्या आडोशाला एखादा परिच्छेद, कांद्याच्या गोण्या मोजता मोजता एखादा संवाद. पण वैशाख लागला की ते महिन्याची रजा टाकत, सायकल पडवीत उभी करत आणि मळ्यातल्या रायवळ आंब्याखाली खाट टाकून राजरोस लेखक होत. धक्क्यावरची मंडळी समजत, भोंडवे शेतीला हातभार लावायला गेलेत. शेती धाकटा भाऊ बघत असे. दौलतरावांनी मळ्यात येऊ नये एवढीच त्याची अपेक्षा होती.

उन्हाळ्यातली त्यांची सुखं ठरलेली. विहिरीच्या पाटात पाय सोडून नवं पुस्तक वाचणं हे पहिलं. त्या पुस्तकाची पानं फाडणं हे दुसरं, आणि खरं सांगायचं तर वाचण्याहून गोड. तेव्हा पुस्तकं न कापता येत, पानांच्या कडा दुमडलेल्याच असत. जुन्या ब्लेडने एकेक घडी उकलायची, वास घ्यायचा, मग पुढची. तिसरं सुख रविवारचं. चिंचवडहून नानासाहेब येत आणि भोसरीहून हिंदुराव. नानासाहेब निवृत्त हेडमास्तर होते, पुण्याच्या एका साप्ताहिकात पुस्तकांवर लिहीत आणि प्रत्येक वाक्याआधी तपकिरीची चिमूट ओढत. हिंदुराव तरुणपणी कुस्ती करत, आता कविता करत. कान मात्र अजून पैलवानाचेच राहिले होते. तिघे मिळून बादलीभर आंबे चोखत आणि एकमेकांच्या लेखनाची तोंड भरून स्तुती करत. दौलतरावांच्या पत्नी सुभद्राबाई या बैठकीला ‘कोयींचं संमेलन’ म्हणत.

चोपन्न सालच्या चैत्रात दौलतरावांची कादंबरी छापून आली. ‘पाणवठ्यावरची रंभा’. पुण्याच्या छापखान्यातून पंचवीस प्रतींचा पहिला गठ्ठा घरी आला तेव्हा आनंदाने त्यांना दोन घास कमी गेले. चोवीस प्रती त्यांनी सही करून मित्रांना, सोयऱ्यांना, स्टेशनमास्तरांना, डॉक्टरांना वाटल्या. पंचविसावी देव्हाऱ्यात ठेवली. ती त्यांनी फाडली नाही. स्वतःचं पुस्तक काय वाचायचं, ते तर पाठच होतं. पाठोपाठ कौतुकाची चौदा पत्रं आली. ती त्यांनी इतक्यांदा वाचली की घड्यांवर कागद विरला.

रजेच्या दुसऱ्याच दिवशी, जेवणं झाल्यावर, त्यांना मोह आवरेना. देव्हाऱ्यातली प्रत घेऊन ते पाटावर बसले, पाण्यात पाय सोडले आणि ब्लेडने पहिली घडी उकलली. बत्तीस पानं सुखात गेली. बत्तिसाव्या पानाच्या शेवटी सासरच्या जाचाला कंटाळलेली रंभा बोचकं उचलते, गोठ्याकडे एकदा बघते आणि भर उन्हात पायरी उतरते. दौलतरावांचे डोळे स्वतःच्याच लेखनाने पाणावले. त्यांनी पान उलटलं.

तेहतिसावं पान सांगत होतं, ‘खुरकताची लागण झालेले जनावर प्रथम वेगळे बांधावे.’

त्यांनी ते वाक्य तीनदा वाचलं. पुढे तोंडातले फोड तुरटीच्या पाण्याने धुण्याची रीत होती, त्यापुढे मोरचुदाच्या पाण्यात खूर बुडवण्याची. मग एका लंगड्या बैलाची सविस्तर हकिगत, मग गाभण म्हशीचा आहार. असं अठ्ठेचाळिसाव्या पानापर्यंत चाललं होतं. एकोणपन्नासाव्या पानावर रंभा सासरीच, गोठ्यात शेण काढत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ते छापखान्यात हजर झाले. मालकांनी जीभ चावली. तिथे त्याच आठवड्यात ‘गुरांचे रोग व उपचार’ नावाचं पुस्तकही छापलं होतं आणि बांधणी करणाऱ्याने दोन्हींचे तिसरे फर्मे, म्हणजे सोळा सोळा पानांचे छापील ताव, आपसात बदलले होते. पानांचे आकडे तंतोतंत जुळत होते, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

“फक्त पहिल्या पंचवीस प्रती, भोंडवे. बाकी माल चोख आहे.”

“म्हणजे पंचवीस गुरांच्या पुस्तकांत माझी रंभा आहे?”

“आहे तर. पण तिकडूनही काही तक्रार नाही,” मालक समाधानाने म्हणाले आणि एक चोख प्रत त्यांच्या हातात ठेवली.

परतीच्या गाडीत दौलतरावांना हळूहळू उमगत गेलं. चौदा पत्रं. चौदांमध्ये एकाही माणसाने म्हशीचा उल्लेख केला नव्हता. आधी त्यांना घाम फुटला, मग हसू फुटलं. चिंचवड येईपर्यंत डोक्यात एक वात्रट बेत शिजून तयार झाला होता. घरी आल्यावर तो त्यांनी फक्त सुभद्राबाईंना सांगितला.

रविवारी संमेलन भरलं. बादलीतले आंबे अर्ध्यावर आले तेव्हा दौलतरावांनी अगदी गरीब तोंड केलं.

“नानासाहेब, रागावू नका, पण कादंबरीचा मधला भाग जरा सैल झालाय का हो?”

नानासाहेबांनी तपकीर ओढली. “सैल? अहो, तोच तर पुस्तकाचा कणा! तिथे तुमच्या लेखणीला मातीचा वास येतो.”

“मातीचाच ना? मला वाटलं, शेणाचा येत असेल.”

“बघा, किती हा विनय!” नानासाहेब हिंदुरावांकडे वळून म्हणाले.

“आपल्याला तर मधी रडू आलं राव,” हिंदुराव म्हणाले.

“कुठल्या जागी?”

हिंदुरावांनी कोय या गालातून त्या गालात नेली. “ते… ती सोसती ना, तिथं.”

“आणि तो लंगडा? तो कसा वाटला?”

“लंगडा अमर आहे!” नानासाहेबांनी निकाल दिला. “असं पात्र आपल्या वाङ्मयात झालं नाही.”

“त्याचा पाय औषधाच्या पाण्यात बुडवतात, तो प्रसंग अंगावर आल्यासारखा नाही ना वाटत?”

“मुळीच नाही. किती संयम! मी परीक्षणात त्यावर वेगळा परिच्छेद लिहिणार आहे.”

रसाची वाटी घेऊन आलेल्या सुभद्राबाई पदराचा बोळा तोंडात कोंबून तशाच माघारी गेल्या. मंडळी निघून गेल्यावर दौलतराव खाटेवर पडून पोट धरधरून हसले. हसता हसता हसू आटलं. सहा वर्षं खपून लिहिलेलं पुस्तक. त्यातली सोळा पानं गुरांची होती तरी जगाचं काही अडलं नव्हतं. त्यांना वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

उठून त्यांनी कपाट उघडलं, जुनं काहीतरी वाचून मन रमवावं म्हणून. हाताला आला हिंदुरावांचा कवितासंग्रह, दोन वर्षांपूर्वी सप्रेम भेट आलेला. आठव्या पानापुढे सगळ्या घड्या शाबूत. ‘शेवटची कविता काळजाला भिडली,’ असं त्यांनी हिंदुरावांना याच आंब्याखाली सांगितलं होतं. दौलतरावांनी कपाट लावून टाकलं.

मग नव्या कादंबरीची लिहून झालेली साठ पानं त्यांनी सुतळीने बांधली आणि सुभद्राबाईंसमोर टाकली. “बंब पेटवायला घे.”

“वैशाखात बंब कोण पेटवतं? आणि चोवीस जणांपैकी तुम्ही दोघांनाच तर विचारलंत.”

हे मात्र पटण्यासारखं होतं. दौलतरावांनी ठरवलं, रजा संपेपर्यंत वाट बघायची. चोवीस प्रतींच्या धन्यांपैकी एकाने जरी गुरांबद्दल तोंड उघडलं तर लिहायचं. नाहीतर लेखणी ठेवायची ती पावतीपुस्तकापुरतीच. सुभद्राबाईंनी साठ पानं बंबाशेजारी, जळणाच्या ढिगावर ठेवली, पेटवली नाहीत की लपवलीही नाहीत.

पुढचे दिवस ते सायकल घेऊन वाचकांच्या मागावर हिंडले. स्टेशनमास्तरांना मधला भाग ‘वेगवान’ वाटला होता. डॉक्टरांना तो आरोग्याच्या दृष्टीने निर्दोष वाटला. व्याह्यांनी तर सांगितलं की तो भाग त्यांनी दोनदा वाचला. दरवेळी दौलतराव मनातल्या मनात हसून लोळत आणि घरी येऊन हिरमुसत. रजेचे आठ दिवस उरले.

त्या मंगळवारी, ऊन टाळूवर आलेलं असताना, पलीकडच्या पुनावळ्याहून सोजराबाई नदी उतरून आल्या. त्या दौलतरावांच्या थोरल्या मावसभावाच्या, बबनरावांच्या पत्नी. प्रत दिली होती बबनरावांना, त्यांचा मान म्हणून. बबनराव पुस्तकाचा उपयोग तांब्यावर झाकण म्हणून करतील याची दौलतरावांना खात्री होती. सोजराबाईंना वाचता येतं हे त्यांच्या गावीही नव्हतं. दोन वर्षांपूर्वी गावात प्रौढांचा साक्षरता वर्ग निघाला होता, त्यात त्या शिकल्या होत्या.

त्यांनी पदराखालून पुस्तक काढलं. ते फुगून दुप्पट झालं होतं. कोपऱ्यांना हळद होती, पानोपानी चिंचेचे डाग होते आणि एकही घडी शाबूत नव्हती.

“भावजी, बैल उठला,” त्या म्हणाल्या.

“कुठला बैल, वैनी?”

“आमचा. खुरकतानं बसला हुता. तुमच्या पुस्तकात लिवल्यावानी केलं. तुरटी, मोरचूद, समदं. चवथ्या दिशी त्यानं वैरणीला तोंड लावलं.”

दौलतराव खाटेवरून उठून उभेच राहिले. “वैनी, तुम्ही ती पानं वाचलीत?”

“एक वळ सोडली न्हाई. पर मी त्येच्यासाठी न्हाई आले. मी भांडायला आलेय.”

सुभद्राबाईंनी पाणी दिलं. सोजराबाई ऐसपैस बसल्या आणि त्यांनी हकिगत सांगितली. उन्हाळ्यात दुपारी पाच बाया चिंचेखाली चिंचा फोडायला बसत. चौघी फोडत आणि सोजराबाई ओळीखाली बोट धरून वाचत. दिवसाला दोन पानं, कधी एकच.

“तेहतिसाव्या पानाला गुरं आली. आमी म्हनलं, ह्ये काय? तर अंबुबाई म्हनली, दम धरा, भावजींनी उगा न्हाई घातलं, फुडं उलगडंल. सोळा पानं आमी दम धरला. आन् एकुणपन्नासाव्या पानावर बघतो तर रंभा माघारी सासरी, गोठ्यात! तवा उलगडलं.”

“काय उलगडलं?” दौलतरावांनी विचारलं.

“आवं, ती जाताना गोठ्याकडं बघती न्हव का? तिथं लंगडा बैल हाय. त्या घरात त्येच्या पायाला हात लावनारं दुसरं कोन हाय? म्हनून ती माघारी आली. आमाला समद्यांना रडू आलं. पर तो बरा झाला का न्हाई त्ये तुमी लिवलंच न्हाई! त्येचं भांडान हाय माजं.”

दौलतरावांनी खरं ते सांगून टाकलं. फर्मे कसे बदलले, गुरांची पानं दुसऱ्याच पुस्तकातली कशी होती, सगळं. सोजराबाईंनी तोंडाला पदर लावला. मग म्हणाल्या, “असं व्हय? मंग खरी पानं वाचा की. ऐकू द्या.”

दौलतरावांनी छापखान्याची चोख प्रत आणली आणि घसा साफ केला. हीच ती सोळा पानं, ज्यांच्यावर ते दोन उन्हाळे घाम गाळत बसले होते. रंभा नदीकाठी येते. तिथे वडाखाली एक साधुपुरुष ध्यानस्थ बसलेले असतात. ते डोळे उघडतात आणि तिला स्त्रीधर्म सांगतात. तिसऱ्या पानाला सोजराबाईंनी जांभई दाबली. सहाव्या पानालाही साधुपुरुष बोलतच होते. सुभद्राबाई आत जाऊन तांदूळ निवडायला लागल्या.

“थांबा, भावजी,” सोजराबाई म्हणाल्या. “ह्यो कवर बोलनार हाय?”

“अजून आठ पानं. मग ती त्यांच्या पायावर डोकं ठेवते आणि घरी परत जाते.”

“ह्येच्या सांगन्यावरनं?”

“हो.”

सोजराबाईंनी पदर सारखा केला. बोलणं जड जात होतं त्यांना, भावजींचा मान होता. “राग मानू नगा. म्या सवता दोनदा घर सोडून निगाले हुते. मला कुनी साधू भेटला न्हाई. भेटला असता तर म्हनले असते, बाबा, माज्या बोचक्यात भाकर हाय, खा आन् वाटंतनं बाजूला हो. म्या माघारी आले ती गायीची धार कोन काढंल म्हनून. ह्ये तुमचं पटत न्हाई. आमची गुरंच बरी हुती.”

आजवर दौलतरावांना असं कुणी बोललं नव्हतं. कानाखाली बसल्यासारखं झालं, आणि त्याच क्षणी त्यांना कळलं की ही बाई खरं बोलतेय, अक्षरन् अक्षर. दोन उन्हाळ्यांची सोळा पानं एका बांधणीवाल्याच्या चुकीपुढे फिकी पडली होती. त्यांना लाज वाटली. आणि इतका आनंद झाला की तो कुठे ठेवावा ते समजेना.

ते तडक बंबापाशी गेले, जळणावरची साठ पानं उचलून घेऊन आले आणि सुतळी सोडली.

“वैनी, उद्या चिंचा फोडायला कुठं बसताय?”

“मारुतीच्या मागं. का वो?”

“हे छापायच्या आधी वाचून दाखवतो.”

“ह्येच्यात साधू हाय का?”

दौलतरावांनी खाली बघितलं. “दोन आहेत.”

“या मंग,” सोजराबाई उठत म्हणाल्या. “कोयता घेऊनच या.”

दुसऱ्या दिवशी ते धोतर खोचून नदी उतरले. पाच बाया चिंचा फोडत होत्या. त्यांनी लेखकाला गोणपाटावर बसवलं, पुढ्यात त्याच्या वाटणीच्या चिंचा ओतल्या आणि “हं, वाचा,” म्हणाल्या. तिसऱ्याच ओळीला अंबुबाईंनी हात वर केला. पाचव्याला सोजराबाईंनी. दौलतराव कानावर ठेवलेली पेन्सिल काढत, ओळ खोडत, पुन्हा वाचत. रजा संपली त्या दिवशी साठांपैकी एकोणीस पानं जिवंत होती, आणि त्या एकोणीस पानांवर अशी एकही ओळ नव्हती जी पाच माणसांनी कान देऊन ऐकली नव्हती.