खंडेनवमीला पाटावर न आलेला लॅपटॉप

खंडेनवमीला आपल्या घरी पाटावर माझी कात्री, आजोबांचा पाना आणि तुमच्या काकाचा ऑफिसचा लॅपटॉप मांडतात. हळदकुंकू झाकणावरच वाहायचं, बटणांत अक्षता जाऊ द्यायच्या नाहीत, हे तुम्हा दोघा नातवंडांना मी व्हिडिओ कॉलवर दाखवलं होतं. या वर्षी काका म्हणाला, "लॅपटॉप राहू दे, आई. ऑफिसातच राहिलाय."

त्याच्या ठाण्याच्या ऑफिसातून दिवाळीपर्यंत माणसं कमी करणार, हे मला आधीच कळलं होतं. त्यानं सांगितलं नव्हतं. पण माझी सगळी नोकरी शाळेत इंग्रजी शिकवण्यात गेली, आणि समोरच्याचा फोन मला उलटाही वाचता येतो. 'रिसोर्सेस' कमी करायचे होते. माणसांना हा शब्द लावला, की पुढचं वाचावं लागत नाही.

तेव्हापासून मी नजर ठेवून होते. आधी त्याचा कॉफीचा मग घरी आला, मग ऑफिसच्या टेबलावरचा छोटा गणपती. फोन वाजला की हा गॅलरीत जाऊन दार ओढून घेई. डोंबिवलीहून आठ दहाला निघणारा माणूस साडेसातलाच निघू लागला. आता लॅपटॉपही नाही. याची नोकरी गेली आहे आणि हा रोज डबा घेऊन ठाण्याच्या तळ्याकाठी, तलावपाळीवर बसून येतो, असं मी मनाशी पक्कं केलं.

तो आंघोळीला गेल्यावर मी त्याची बॅग उघडली. दुसऱ्याच्या बॅगेला हात लावू नये, असं तुम्हाला मीच शिकवलंय. लॅपटॉप आतच होता. तो पाटावर ठेवून मी करंडा उघडला, तेवढ्यात काका बाहेर आला.

"त्याला नको, आई. त्यात यादी आहे. माझ्या टीममधली चार नावं मला द्यायचीयत."

"आणि तुझं?"

"माझं कोण देतंय ते मला कुठं माहितीये?"

"म्हणून कॉफीचा मग आणि गणपती घरी आणलास?"

"जायची वेळ आली, तर सगळ्यांसमोर खोकं उचलून निघायला नको."

मी लॅपटॉप बॅगेत ठेवला.

दसऱ्याला संध्याकाळी त्याच्या टीममधला, शहाडला राहणारा सहकारी सोनं द्यायला आला. दरवर्षी येतो. काका खाली दूध आणायला गेला होता. आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवून, नमस्कार करून तो बसला. मी श्रीखंडाची वाटी दिली, तसा हळूच म्हणाला, "काकू, सर घरी काही बोलतात का? ऑफिसात हल्ली कोणाशी बोलत नाहीत."

"मला म्हातारीला कोण सांगतंय रे."

"असं कसं? सरच म्हणतात, आईपासून काही लपत नाही." तो हसला. मग फोनवर फोटो दाखवला. त्याच्या आईनं त्याच्या लॅपटॉपला झेंडूची माळ घातली होती. "तुमच्याकडे झाली ना पूजा?"

चार नावं कोणती, हे मी काकाला विचारलं नव्हतं. मी याच्या वाटीत आणखी श्रीखंड वाढलं. ते संपायच्या आत आणखी एक चमचा.

त्यानं वाटी खाली ठेवली. "काकू," तो म्हणाला, "दरवर्षी तुम्ही एवढा आग्रह करत नाही."

मी भांडं उचललं आणि स्वयंपाकघरात गेले. काका येईपर्यंत बाहेर आले नाही.