वेलबुट्टीचा राजीनामा

छापखान्यात त्यांना सगळे उलटे मास्तर म्हणत. माणूस सरळ, नको तितका सरळ. पण शिशाच्या खिळ्यांवरची उलटी अक्षरं ते आपण दुकानाची पाटी वाचावी तशी भराभर वाचत, म्हणून हे नाव. एकेचाळीस वर्षं खिळे जुळवून आणि पायाने ट्रेडल मशीन चालवून त्यांचा उजवा गुडघा पार कामातून गेला होता. सगळी छपाई संगणकावर गेली तेव्हा खरं तर मास्तर सुटायचे. पण धाकट्या मालकांना कल्पना सुचली. त्यांनी मशीन घासूनपुसून लखलखीत केलं, भोवती काचेची भिंत घातली आणि जुनी छपाई बघायला येणाऱ्यांसाठी दार उघडलं. काचेच्या आत मशीन आणि मास्तर. मास्तरांना ठसका लागला तरी बाहेरून कुणीतरी फोटो काढी.

परगावी लेकीला मुलगी झाली होती. सात महिन्यांची नात मास्तरांनी फक्त फोनवर पाहिलेली. "बाबा, आईला घेऊन कायमचे इकडे या," असं लेक दर रविवारी म्हणे आणि मास्तरांचा जीव तुटे. तीनदा ते मालकांकडे गेले. तिन्ही वेळा मालकांनी त्यांचा हात धरला. "मास्तर, तुम्ही गेलात तर हे नुसतं लोखंड हो!" मग चहा यायचा. मास्तर पडले भिडस्त. चहा पिऊन परत काचेत.

"तोंडी कशाला बोलता?" बायको कडाडली. "लेखी द्या की एकदाचं!"

लेखी म्हणजे मास्तरांच्या लेखी छापील. हातात पेन आलं की त्यांची बोटं अडखळत. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सगळ्यात मोठा लाकडी टाइप काढला, मालकांच्या डोळ्यांत भरावा म्हणून. अक्षरं मोठी, त्यामुळे मजकूर बेताचाच बसला: 'हात थकले. आता मला मोकळे करा.' चौकटीशिवाय काम बोडकं दिसतं, म्हणून भोवती वेलबुट्टी लावली. नाव मात्र घातलं नाही. जुळारी स्वतःचं नाव कधी जुळवत नाही. इतक्या वर्षांत तो विचार त्यांच्या मनाला शिवलासुद्धा नव्हता. संध्याकाळी प्रत मालकांच्या टेबलावर ठेवून ते शीळ घालत घरी गेले.

सकाळी येऊन पाहतात तो काय, कागद फ्रेम होऊन भिंतीवर!

"काय ओळ सुचली, मास्तर! छुपे रुस्तम निघालात," मालक म्हणाले. "शंभर प्रती काढा. लोक मागताहेत."

"अहो, तो माझा राजीनामा आहे."

मालक खो खो हसले. ते हसले म्हणून काचेबाहेरची माणसंही हसली. एका बाईंनी मात्र डोळे टिपले. "किती खरं लिहिलंय हो," त्या म्हणाल्या.

मास्तरांना ओरडावंसं वाटलं. पण पाय सवयीने मशीनवर पडला आणि चाक फिरू लागलं. शाई वाळल्यावर मालकांनी पेन पुढे केलं. "खाली सही करा, मास्तर. सहीशिवाय मजा नाही."

मास्तरांनी शंभरच्या शंभर राजीनाम्यांवर सही केली.

घरी बायकोने दारातच विचारलं, "वाचला का त्यांनी?"

"वाचला," मास्तर चपला काढत म्हणाले. "फार आवडला."